आठवड्यातून दोन दिवस हायवे बंद: काश्मीर, एप्रिल-मे २०१९ चं एक प्रकरण

३ एप्रिल २०१९ ला जम्मू-काश्मीरच्या गृहखात्याने एक ऑर्डर काढली. बारामुल्ला ते उधमपूर या हायवेवर दर रविवारी आणि दर बुधवारी पहाटे ४ ते संध्याकाळी ५ सामान्य माणसाची गाडी चालणार नाही, त्या वेळात फक्त सुरक्षा दलांचे ताफे जातील, आणि हे ३१ मे पर्यंत असंच राहील. जवळपास २७० किलोमीटरचा रस्ता. ७ एप्रिलच्या रविवारपासून अंमल सुरू झाला.

तेव्हा आपल्याकडे निवडणुकीचा धुरळा होता, त्यात ही बातमी आली आणि गेली. पण नाकाबंदी, चेकपोस्ट, ताफे यांचा साध्या माणसाच्या रोजच्या दिवसावर नेमका काय परिणाम होतो हे समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते हे प्रकरण नीट बघण्यासारखं आहे. कारण इथे सगळं उघड्यावर झालं. लेखी ऑर्डर होती, तारीख होती, तास ठरलेले होते, कारणही खरं होतं, आणि दोन महिन्यांच्या आत सरकारने स्वतःच ती हळूहळू मागे घेतली. इतकं सुरुवात-शेवट असलेलं प्रकरण या विषयात सहसा सापडत नाही, बहुतेक नाके एकदा उभे राहिले की कोणी उभे केले आणि कधी हटवणार हे विचारायचीही सोय नसते.

आधी कारण, कारण ते टाळून पुढे गेलो तर जवानांवर अन्याय होईल.

१४ फेब्रुवारी २०१९. जम्मूहून श्रीनगरला सीआरपीएफचा ७८ गाड्यांचा ताफा निघालेला, त्यात अडीच हजारांच्या आसपास जवान. बर्फामुळे हायवे काही दिवस बंद होता, माणसं जम्मूत अडकून पडलेली, त्यामुळे रस्ता खुला झाल्यावर ताफा नेहमीपेक्षा फार मोठा झाला. दुपारी सव्वातीनच्या सुमारास पुलवामा जिल्ह्यात, अवंतीपुराजवळ लेथपोरा इथे स्फोटकांनी भरलेली एक गाडी ताफ्यातल्या बसजवळ येऊन फुटली. ४० जवान गेले. त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते, एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातला. त्या दिवसांत बुलढाण्यात काय वातावरण होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणजे धोका कल्पनेतला नव्हता. गाडी साधी, चालवणारा स्थानिक मुलगा, आणि हायवेवर इतर गाड्यांसारखीच ती आली. इथेच एक जुनी गोष्ट सांगायला पाहिजे. नव्वदच्या दशकात ताफा जाताना बाकी ट्रॅफिक थांबवायची पद्धत होती, शिट्टी वाजली की गाडी साइडला, ताफा जाईपर्यंत इंजिन बंद. २००२-०३ नंतर, मुफ्ती मोहम्मद सईद यांच्या सरकारच्या काळात, ही पद्धत सोडून दिली कारण लोकांना त्याचा फार जाच होत होता आणि परिस्थितीही थोडी निवळत होती. पुलवामानंतर पहिला प्रश्न हाच विचारला गेला की ती सूट नडली का. स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे गृहमंत्री राजनाथ सिंह श्रीनगरला गेले आणि त्यांनी जाहीर केलं की मोठा ताफा जात असेल तेव्हा सिव्हिल गाड्या थोडा वेळ थांबवल्या जातील. थोडा वेळ, हे लक्षात ठेवा. मग ३० मार्चला बनिहालजवळ सीआरपीएफच्या ताफ्याशेजारी एका कारमध्ये स्फोट झाला, सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण आधीच ताणलेल्या यंत्रणेला तेवढं पुरे होतं. चार दिवसांत ऑर्डर आली, आणि थोड्या वेळाचे सलग तेरा तास झाले.

आता हा रस्ता काय आहे ते.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे दोन दिवस बंद ठेवला तर जुना हायवे आहे, रेल्वे आहे, लोक वैतागतील पण पोचतील. काश्मीर खोऱ्याचं तसं नाही. २०१९ मध्ये खोरं देशाशी जोडणारा बारमाही म्हणावा असा हा एकच रस्ता होता, आणि तोही रामबन-बनिहालच्या पट्ट्यात दरड कोसळली, डोंगरावरून दगड घरंगळले की बंद. दुसरा मुघल रोड, पूंछकडून शोपियांला येणारा, तो एप्रिलमध्ये अजून बर्फाखालीच असतो. रेल्वे होती पण बारामुल्ला ते बनिहाल एवढीच, खोऱ्यातल्या खोऱ्यात, आणि हरताळ असला, चकमक झाली की तीही बंद. दिल्लीकडून थेट श्रीनगरपर्यंतचा रेल्वेमार्ग पूर्ण व्हायला २०२५ साल उजाडलं.

आणि खोऱ्याच्या आत तर हा रस्ता हायवे कमी आणि गावचा मुख्य रस्ता जास्त. काझीगुंड, खनबल, बिजबेहारा, संगम, अवंतीपुरा, लेथपोरा, पांपोर, पुढे श्रीनगरचा बायपास, तिथून परिमपोरा, नारबल, पट्टण, बारामुल्ला. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला भातशेती किंवा सफरचंदाची बाग. अवंतीपुऱ्याची युनिव्हर्सिटी रस्त्यालगत, संगमला क्रिकेट बॅट बनवणाऱ्यांची दुकानं रस्त्यालगत, पांपोर-लेथपोऱ्याला केशर आणि सुक्या मेव्याची दुकानं रस्त्यालगत. अनंतनाग ते श्रीनगर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, बारामुल्ला ते श्रीनगर साधारण तेवढंच, म्हणजे रोज अप-डाऊन करणारी हजारो माणसं. मोठी हॉस्पिटलं श्रीनगरला, सौऱ्याचं स्किम्स, एसएमएचएस, बाळंतपणासाठी लल्ल द्यद हॉस्पिटल. दक्षिण काश्मीरमधली अडलेली बाई असो की हार्टचा पेशंट, शेवटी रेफर होऊन याच रस्त्याने यायचं. म्हणून हायवे बंद म्हणजे नुसता लांबचा प्रवास बंद असं झालं नाही, हायवे ओलांडणंही अडलं, कारण जोडरस्त्यांच्या तोंडाशी काटेरी तारांची वेटोळी टाकलेली आणि प्रत्येक चौकात जवान. शेजारच्या गावी जायला, पलीकडच्या शेतात जायला, विचारून जायचं.

विरोध वाढल्यावर केंद्र सरकारकडून एक हिशोब मांडला गेला. आठवड्याचे १६८ तास, त्यातले बंद फक्त २६, म्हणजे १५ टक्के, उरलेला ८५ टक्के वेळ रस्ता खुलाच आहे की. आकडेमोडीत चूक नाही. पण मला हा हिशोब पहिल्यांदा वाचला तेव्हापासून खटकत आलाय, आणि हे प्रकरण लिहायचं एक कारण तोच आहे. कारण १६८ तासांत रात्रीचे तासही धरलेत. काश्मीरमध्ये, तेही दक्षिण काश्मीरमध्ये, २०१९ साली, रात्री दहाला कोण गाडी काढून हायवेवर येत होतं? अंधार पडला की रस्ते ओस पडायचे, आणि ते याच नाक्यांच्या, गस्तीच्या, गोळीबाराच्या भीतीने. एप्रिलमध्ये तिथे सहा वाजता उजाडतं आणि सातच्या आसपास मावळतं, म्हणजे दिवसाला तेराएक तास उजेड, आठवड्याला ९१. बंदीत गेलेले उजेडाचे तास ११ आणि ११, म्हणजे २२. हा झाला जवळजवळ चौथा हिस्सा. ऑफिस, कोर्ट, बँक, ओपीडी, शाळा, कॉलेज यांचे तास धरले तर बुधवार अख्खाच्या अख्खा गेला. आणि रविवार हा तिथेही लग्नाचा, मयताला भेटायला जायचा, पाहुण्यांचा दिवस, तो पण गेला. शिवाय श्रीनगरचा रविवार बाजार, जिथे गावाकडची माणसं स्वस्तातले कपडे, भांडी घ्यायला येतात आणि शेकडो फेरीवाल्यांचा आठवड्याचा गल्ला त्या एका दिवसावर असतो.

वरून उरलेले पाच दिवस तरी मोकळे होते का, तर नाही. तेव्हा हिवाळ्यात आणि वसंतात डोंगरातल्या पट्ट्यात बऱ्याचदा एकाआड एक दिवस एकाच दिशेने ट्रॅफिक सोडायचे, आज जम्मूहून वर, उद्या श्रीनगरहून खाली. त्यातून पावसाने दरड आली की तो दिवस गेला. त्यात हरताळ. दोन दिवस आधीच वजा झाले की ट्रकांची रांग दुसऱ्या दिवशी दुप्पट लागते, आणि रांगेत भाजी आहे, कोंबड्या आहेत, मेंढ्या आहेत. काश्मीरला मटण मोठ्या प्रमाणात बाहेरून येतं, राजस्थान-पंजाब-दिल्लीच्या बाजूने, याच रस्त्याने, आणि ट्रकमध्ये अडकलेली जनावरं मरतात हे तिथल्या व्यापाऱ्यांचं दर हिवाळ्याचं रडगाणं. उलट बाजूने शोपियां-पुलवामाच्या कोल्ड स्टोरेजमधलं सफरचंद वसंतात बाहेर पडत असतं, दिल्लीच्या आझादपूरला, आपल्या वाशी मार्केटलाही. पेटी वाशीला दोन दिवस उशिरा पोचली तर इथल्या गाळ्यावर भाव पडतो आणि त्याचा फटका त्या बागवाल्याच्या खिशाला बसतो. शेअर सुमो चालवणाऱ्यांचं तर सरळ आहे, गाडीचा हप्ता महिन्याला पूर्ण द्यायचा आणि कमवायचे दिवस आठवड्याला दोन कमी.

सवलतींचं काय झालं?

ऑर्डरला माणुसकीचा चेहरा होता असं कोणी म्हणेल, आणि कागदावर तो होताही. पेशंट, डॉक्टर, विद्यार्थी, सरकारी कर्मचारी, वकील, टूरिस्ट, विमानाचं तिकीट असलेले, या सगळ्यांना सोडायचं होतं. त्यासाठी चौकाचौकात एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेट बसवले, पोलिसांची माणसं दिली. कुणाला खूपच गरज असेल तर त्याला चिठ्ठी द्यायची, सही-शिक्का मारायचा, पुढे सोडायचं.

माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. काल जो रस्ता माझा होता तो आज मागून घ्यायचा झाला. आणि मागायचं म्हणजे कारण सांगायचं, अनोळखी माणसाला, बंदूक घेतलेल्या माणसासमोर, रांगेत. कुणी आजारी आहे म्हणून सांगितलं तर कागद दाखव. कागद हॉस्पिटलमध्येच राहिलाय, तर मग? आईला बघायला चाललोय हे कारण पुरेसं आहे की नाही? काकाच्या मयताला चाललोय, त्याचा दाखला कुठून आणायचा? इंटरव्ह्यू आहे, परीक्षा आहे, तिकीट आहे, हे दाखवता येतं. पण माणसाच्या आयुष्यातली निम्म्याहून जास्त कामं अशी असतात की ज्यांचा कागद नसतो. भावाभावांतलं भांडण मिटवायला जायचं असतं, मुलगी बघायला जायचं असतं, उधारी वसूल करायची असते, नुसतं जीव घुसमटतोय म्हणून मित्राकडे जायचं असतं. कागदावर चालणाऱ्या सवलतीत ही सगळी कामं आपोआप बिनकामाची ठरतात. आणि काम खरं की खोटं हे ठरवणारा मॅजिस्ट्रेटही बिचारा कुठल्या तरी तहसील ऑफिसातून उचलून आणून उन्हात बसवलेला, त्याला ना ट्रेनिंग ना लेखी निकष, तो त्याच्या स्वभावाप्रमाणे आणि त्या दिवशीच्या दडपणाप्रमाणे ठरवणार.

अनंतनाग जिल्ह्यात एका नवरदेवाला स्वतःच्या लग्नाला हायवेवरून जायला प्रशासनाची लेखी परवानगी घ्यावी लागली, त्यात वऱ्हाडाची माणसं आणि गाड्या मोजून लिहिलेल्या, आणि ते पत्र सोशल मीडियावर सगळीकडे फिरलं. आपल्याकडे वऱ्हाड निघायच्या वेळी शेवटच्या मिनिटाला एक आत्या आणि तिची दोन पोरं गाडीत बसतातच, तिथेही तसंच असणार. कुणाला घ्यायचं आणि कुणाला घरी ठेवायचं हे त्या घरात कसं ठरलं असेल याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि मग तो फोटो. एप्रिलच्या मध्यावर अनंतनागकडचा. एका माणसाचा तळहात, त्यावर पेनाने लिहिलेली जायची परवानगी आणि मॅजिस्ट्रेटचा शिक्का. चिठ्ठीवर नाही, हातावर. ओमर अब्दुल्लांपासून साध्या पोरांपर्यंत सगळ्यांनी तो शेअर केला, देशभर चर्चा झाली, संताप झाला. घाईत कागद सापडला नसेल, कदाचित त्या अधिकाऱ्याला आपण मदतच करतोय असं वाटलं असेल, त्याच्या मनात अपमान करायचं नसेलही. पण ज्याच्या हातावर शिक्का बसला तो पुढच्या नाक्यावर खिडकीतून हात बाहेर काढून दाखवणार, त्याच्या पुढच्या नाक्यावर परत दाखवणार, आणि घाम आला म्हणून शाई पुसली गेली तर? सरकारने कितीही टक्केवारी सांगितली तरी त्या एका तळहातापुढे ती टिकली नाही. लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं.

पेशंटचं जरा वेगळं बोलायला हवं. ॲम्ब्युलन्सला रस्ता द्यायचा हे ठरलेलं होतं आणि बहुतेक ठिकाणी दिलाही गेला असणार. पण काश्मीरच्या खेड्यात, जसं आपल्या मेळघाटात किंवा गडचिरोलीत, पेशंट ॲम्ब्युलन्सने जात नाही, शेजाऱ्याच्या गाडीने जातो. शेजाऱ्याची अल्टो म्हणजे नाक्यावर एक संशयित गाडी. आणि पुलवामात फुटली तीही साधी गाडीच होती, त्यामुळे जवानालाही दोष देता येत नाही, त्याने प्रत्येक गाडीकडे त्याच नजरेने बघायचं हीच त्याची ड्युटी. डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा जाणारा, केमोची तारीख ठरलेली, त्याला दर वेळी तीच फाइल घेऊन तेच सांगायचं. असा पेशंट काही दिवसांनी काय करतो, तारीख पुढे ढकलतो. इमर्जन्सी नसलेला आजार आधी घरी बसतो आणि मग इमर्जन्सी होऊन बाहेर पडतो, आणि याची नोंद कुठल्याच नाक्यावर होत नाही.

नाक्यावरची भीती दोन्ही बाजूंनी असते याचं एक जुनं उदाहरण इथे द्यावंच लागेल. ३ नोव्हेंबर २०१४ ला बडगाम जिल्ह्यात छत्तरगाम इथे लष्कराच्या नाक्यावर एक मारुती कार थांबली नाही म्हणून जवानांनी गोळीबार केला, आत मुलं होती, दोघं मेली. गाडीत अतिरेकी आहेत अशी टिप असल्याचं सांगितलं गेलं. काही दिवसांत उत्तर कमांडचे तेव्हाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल डी. एस. हुडा यांनी चूक झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं, जे तिथे क्वचितच होतं आणि त्याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे. पण या घटनेनंतर खोऱ्यातल्या प्रत्येक आईबापाच्या डोक्यात नाका म्हणजे काय हे कायमचं बसलं. ब्रेक उशिरा लागला, गाणी जोरात होती, आवाज ऐकू आला नाही, पोरगं नवीन गाडी शिकत होतं, यातलं काहीही जिवावर बेतू शकतं. त्यामुळे २०१९ मध्ये हायवेवर पन्नास किलोमीटरमध्ये चौकाचौकात अडवणं सुरू झालं तेव्हा लोकांनी नुसता वेळ मोजला नाही, पोरांना बाहेर पाठवायचं की नाही हेही मोजलं.

मग यातून सुरक्षा किती मिळाली हे विचारायलाच पाहिजे, कारण जवानांचा जीव वाचत असेल तर गैरसोय सोसायला काश्मिरीच काय, आपण कोणीही तयार होऊ. बंदीच्या त्या आठवड्यांत हायवेवर पुलवामासारखं पुन्हा काही झालं नाही, हे खरं. पण ते बंदीमुळे की इतर उपायांमुळे हे वेगळं काढता येत नाही. ताफ्याची सुरक्षा मुळात नाक्यावर कमी आणि पहाटेच्या कामावर जास्त अवलंबून असते, रोड ओपनिंग पार्टी निघते, रस्त्याच्या कडा, पूल, मोऱ्या तपासते, कुत्री असतात, डिटेक्टर असतात, मग रस्ता सेफ म्हणून कळवतात. तेरा तास अख्खा रस्ता धरून ठेवायचा तर उलट जास्त जवान, जास्त वेळ, उघड्यावर उभे करावे लागतात. आणि ताफे रविवार-बुधवारी जाणार हे सगळ्या जगाला दोन महिने आधी जाहीर करून सांगितलं, हे मला कधीच पटलं नाही. हल्ला करणाऱ्याला सगळ्यात मौल्यवान माहिती कुठली असते, तर ताफा कधी येतोय. ती आपण गॅझेटसारखी छापून दिली.

आणि दुसरे मार्ग नव्हते असं अजिबात नाही. पुलवामानंतर आठवड्याभरात, २१ फेब्रुवारीला, गृह मंत्रालयाने निर्णय घेतलेला की केंद्रीय दलांच्या सगळ्या जवानांना, अगदी कॉन्स्टेबललाही, दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर विमानाने जाता येईल, ड्युटीवर जाताना आणि रजेवर येतानाही. ७ लाख ८० हजार जवानांना त्याचा फायदा होणार असं तेव्हा सांगितलं. हा खरा उपाय होता, कारण माणसंच रस्त्यावर कमी. तेव्हाचे राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत दावा केला की पुलवामाच्या आधी सीआरपीएफने विमानं मागितली होती आणि ती मिळाली नाहीत. हा त्यांचा दावा, आणि बंदीची ऑर्डर त्यांच्याच कारकिर्दीत निघाली हेही तितकंच खरं. ताफे छोटे करणं हा दुसरा उपाय, ७८ गाड्यांचं लक्ष्य कुणाच्याही नजरेत भरतं. ताफा जाईल तेवढीच पंधरा-वीस मिनिटं त्या त्या टप्प्यावर गाड्या थांबवणं हा तिसरा, आणि राजनाथ सिंहांनी फेब्रुवारीत सांगितलेला तो हाच. हे तीन नीट केले असते तर अख्खा दिवस रस्ता धरून ठेवायची गरज पडली असती असं मला वाटत नाही.

विरोध अर्थातच झाला. नॅशनल कॉन्फरन्स, पीडीपी, पीपल्स कॉन्फरन्सचे सज्जाद लोन, असे तिथले सगळे पक्ष एका सुरात बोलले, मेहबूबा मुफ्ती आणि फारूक अब्दुल्ला आंदोलनाला रस्त्यावर आले. कारगिल युद्धात, नव्वदच्या दशकात हिंसा टोकाला होती तेव्हासुद्धा असं कधी झालं नाही, हा मुद्दा वारंवार आला. निवडणूक होती, त्यामुळे राजकारणही त्यात होतंच, ते नाकारायचं कारण नाही, पण निवडणुकीवरच बंदीचा परिणाम होत होता हेही बघा. अनंतनाग हा देशातला एकमेव लोकसभा मतदारसंघ होता जिथे सुरक्षेसाठी मतदान तीन टप्प्यांत घेतलं, २३ एप्रिल, २९ एप्रिल, ६ मे. त्याच मतदारसंघातून हा हायवे जातो. प्रचाराचे रविवार-बुधवार उमेदवाराने आणि कार्यकर्त्याने परवानगीची चिठ्ठी हातात धरून काढायचे. नुकतेच आयएएस सोडून राजकारणात आलेले शाह फैसल आणि आणखी काहीजण हायकोर्टात गेले, मुद्दा मूलभूत हक्कांचा. फिरायचं स्वातंत्र्य काढून घेता येतं, पण जेवढं गरजेचं आहे तेवढंच आणि दुसरा कमी त्रासाचा मार्ग नसेल तरच, या कसोटीवर ही ऑर्डर लावा असं त्याचं सार.

शेवटी ऑर्डर एका झटक्यात गेली नाही, झिजत गेली. आधी श्रीनगर-बारामुल्ला टप्प्यावर एक दिवस कमी झाला, मग तिथली बंदी पूर्ण उठली. मग मे महिन्यात उधमपूरच्या बाजूलाही फक्त रविवार उरला. मेच्या शेवटच्या आठवड्यात, ठरलेल्या मुदतीच्या काही दिवस आधी, उरलेलीही गेली. कागदावर ७ एप्रिल ते ३१ मे मध्ये आठ रविवार आणि आठ बुधवार येत होते, म्हणजे १६ दिवस, प्रत्यक्षात त्याहून कमी भरले. याचं श्रेय मी प्रशासनाला देतो. दर काही दिवसांनी परत बघून थोडं थोडं सैल करणं हे मोठेपणाचं लक्षण आहे, आणि ऑर्डरमध्ये शेवटची तारीख लिहिलेली असल्यामुळेच ते शक्य झालं. तारीख नसती तर प्रत्येक वेळी सैल करायला कुणीतरी धाडस करावं लागलं असतं. पण जर टप्प्याटप्प्याने काढता आली आणि काही बिघडलं नाही, तर तेवढी लावायची मुळात गरज होती का, याचं उत्तर ऑर्डर काढणाऱ्यांनी कधी दिलं नाही. आणि ज्यांचं नुकसान झालं त्या सुमोवाल्यांना, दुकानदारांना, ट्रकवाल्यांना भरपाई हा शब्दसुद्धा कुठे आला नाही. धरणासाठी शेत घेतलं तर मोबदला असतो, तोही रडतखडत का होईना. माणसाचा दिवस घेतला तर त्याची मोजदादच नाही.

जूनमध्ये लोकांनी जरा श्वास घेतला. मग १ जुलैपासून अमरनाथ यात्रा सुरू झाली आणि काझीगुंड ते नाशरी या पट्ट्यात रोज सकाळी १० ते दुपारी ३ सिव्हिल गाड्यांवर पुन्हा निर्बंध आले, बनिहाल-काझीगुंड रेल्वेही त्या वेळात बंद. या वेळी आठवड्यातून दोन दिवस नाही, रोज. यात्रेकरूंमध्ये महाराष्ट्रातले खूप असतात, आपल्या ओळखीतलं कोणीतरी दरवर्षी जातंच, आणि त्यांच्या बसला काही होऊ नये असं मलाही मनापासून वाटतं. २०१७ मध्ये यात्रेकरूंच्या बसवर हल्ला झालाच होता. पण यात्रा दरवर्षी होते, काश्मीरमधल्या लोकांच्या टट्टूंवर, तंबूंत, त्यांच्या हातचा चहा पिऊन होते, आणि त्याच लोकांना सांगायचं की तुम्ही पाच तास घरी थांबा, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एप्रिल-मेमधून काय घेतलं हे मला कळत नाही. दोन महिन्यांची माहिती हातात होती. कुठल्या चौकात किती वेळ लागला, किती चिठ्ठ्या दिल्या, किती जणांना परत पाठवलं, कोणत्या कारणासाठी, हे सगळं मॅजिस्ट्रेटच्या रजिस्टरमध्ये असणार. ते उघडून, लोकांसमोर ठेवून, डॉक्टरांना, ट्रान्सपोर्टवाल्यांना, गावच्या सरपंचांना सोबत बसवून पुढचे तास ठरवता आले असते. तसं काही झाल्याचं जाहीर झालं नाही. २ ऑगस्टला सरकारने यात्रेकरूंना आणि टूरिस्टना खोरं सोडायला सांगितलं, ५ ऑगस्टला ३७० चा निर्णय झाला, आणि त्यानंतर फोन-इंटरनेटसकट सगळंच बंद झालं, त्यामुळे हायवेच्या दोन दिवसांबद्दल विचारायला कुणालाच उसंत राहिली नाही.